कौसाबाईचं वावर

ये गं मनू, अशी जवळ ये. तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे नाशकात, म्हणून हा कागदच जवळ धर आणि समज की आजीनं कान पकडलाय. परवा फोनवर काय म्हणालीस ते आठवतं का? आमच्या ऑफिसात एक सर येतात, सगळ्यांचे पैसे तेच बघतात, पुढच्या महिन्यात माझाही फॉर्म आणणार आहेत, मी नुसत्या सह्या करायच्या. कशावर सह्या करायच्या, विचारलं, तर म्हणालीस, ते सरांना माहीत असतं. अगं, एवढी शिकलीस, चपला घ्यायच्या तरी चार दुकानं पालथी घालतेस, आणि पहिल्या वर्षाच्या पगारातून मागे टाकलेले पैसे कुठं चाललेत ते सरांना माहीत असतं होय? मी तेव्हा काही बोलले नाही. फोनवर रागावलं की तुम्ही मुलं रेंज नाही म्हणून ठेवून देता. पण फोन ठेवला आणि मला कौसाबाई आठवली. दोन दिवस दुसरं काही सुचेना, म्हणून लिहायला बसले. तू तिला पाहिलेलं नाहीस. तुझे बाबा तेव्हा बदलीवर बडोद्याला होते.

कौसाबाईला एक खोड होती. कुणी काही विकायला लागलं, की ती आधी त्याच्या घरचं विचारायची. एकदा मेन रोडवर तिच्याबरोबर लुगडं घ्यायला गेले. दुकानदारानं एकावर एक घड्या उलगडल्या, रंग जाणार नाही, सूत फाटणार नाही, सगळं सांगून झालं. कौसाबाईनं शांतपणे विचारलं, “तुमच्या घरची मानसं कोनतं नेसत्यात?” तो हसला. ती हसली नाही. त्यानं शेवटी खालच्या फळीवरचं एक साधं, बिनचमकीचं लुगडं काढलं आणि म्हणाला, आईसाठी हे नेतो. तेच तिनं घेतलं. एकदा एका गुरुजींनी तिला घरात कसलीशी शांत करायला सांगितली होती. त्यांनाही हिनं तेच विचारलं, की तुमच्या घरी कधी केली ही शांत? गुरुजी पुन्हा त्या रस्त्यानं आले नाहीत.

माझी तिची ओळखही अशीच झाली. आम्ही इंदिरानगरला राहायला आलो ते नव्वद सालच्या आसपास. आत्ता जिथं चारमजली इमारती दिसतात ना, तिथं आमच्या मागच्या भिंतीपलीकडे शेतं होती. तुझे आजोबा सकाळी स्कूटरवरून नाशिक रोडला प्रेसमध्ये जायचे आणि मी दिवसभर एकटी. एके दिवशी फाटकात एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उभी. पाटीत मेथी, कोथिंबीर, आणि वर ओल्या फडक्यात झेंडूची फुलं. मी आपलं सवयीनं विचारलं, ताजी आहे का. तिनं पाटी खाली ठेवली आणि मला म्हणाली, “चला वैनी, वावरात. जिथून तोडली तिथं चिक बी वाळला नसंल.” मी नको नको म्हणत असताना मला हाताला धरून घेऊन गेली. खरंच खुडलेल्या देठांवर अजून ओल होती. परत येताना तिच्या झोपडीवजा घरात डोकावले, तर चुलीवर तीच मेथी शिजत होती. त्या दिवसापासून ती गेली त्या सालापर्यंत मी दुसऱ्या कुणाची मेथी घेतली नाही.

नवरा लवकर गेला होता. एकच मुलगी, शोभा. कौसाबाई चौथीपर्यंत शिकलेली, मी सातवीपर्यंत. त्यामुळे आमचं जमलं. वर्तमानपत्र मी मोठ्यानं वाचायची, ती फुलांच्या माळा ओवत ऐकायची आणि मध्येच विचारायची, की हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?

मग रस्ता आला. तिच्या वावरातून रस्त्याची आखणी झाली आणि तिची जमीन गेली. गेली म्हणजे घेतली. बारा गुंठे तेवढे कडेला उरले. मोबदल्याचे पैसे बँकेत जमा झाले त्या दिवशी ती माझ्या ओट्यावर पाय पोटाशी घेऊन येऊन बसली. मी म्हटलं, कौसाबाई, आता तरी पाय पसरून बसा, पैसे आलेत. तर म्हणाली, “पैसे नाय आले वैनी. माझं वावर बँकेत गेलंय. आता तिथंच ते कसायचं.” ती त्या रकमेला शेवटपर्यंत वावरच म्हणायची. बँकेत चालले, न म्हणता, वावरात जाऊन येते म्हणायची.

वावर बँकेत गेल्याचा वास सगळ्यांना आला. पुतणे आले, ओळखीचे आले, कोण कुठले कार्डं देऊन गेले. पण खरा हक्काचा माणूस घरातच होता. शोभाचा नवरा, प्रकाशराव. वाईट माणूस नव्हता गं, मुळीच नव्हता. आधी कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर लोकांचे पैसे गुंतवून देण्याच्या धंद्यात शिरला. टाय बांधायचा. कार्डावर इन्व्हेस्टमेंट कन्सल्टंट असं छापलेलं. त्या वर्षांत सागवानाचं फार निघालं होतं. एक कंपनी होती, गुळगुळीत कागदावर सागाच्या रांगांचे फोटो, आज थोडे पैसे भरा आणि इतक्या वर्षांनी झाड तुमचं, लाकूड तुमचं, त्याचे पटीनं पैसे तुमचे. नाशकात निम्म्या घरांत ते कागद फिरत होते. तुझ्या आजोबांनीही प्रकाशरावांकडूनच घेतले. माझी सही लागत होती. कुठं करू, विचारलं, तर प्रकाशरावांनी फॉर्मवर बोट ठेवलं, इथं. मी केली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. म्हणून सांगते मनू, तुझा राग नाही आला. मीही तशीच होते.

त्या साली आषाढ अधिक होता. धोंड्याचा महिना. तुमच्याकडे आता कुणी पाळत नाही, पण तेव्हा जावयाला जेवायला बोलावायचं, तेहेतीस अनारसे वाण द्यायचे, कपडे करायचे आणि त्या दिवशी जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशी रीत. कौसाबाईनं काही कमी केलं नाही. पुरणाचे धोंडे केले, चांदीचं निरांजन घेतलं, अनारसे माझ्या स्वयंपाकघरात तळले, कारण तिच्या चुलीवर तूप लवकर जळायचं. जेवणाला मीही होते. पानं उचलली, विडे झाले, आणि प्रकाशरावांनी बॅगेतून सागवानाचा फॉर्म काढून निरांजनाच्या शेजारी ठेवला. म्हणाले, आई, आज काही मागायचा मान आहे माझा. सोनंनाणं नको. फक्त इथं अंगठा, नाही नाही, तुम्हाला सही येते, सही करा. सगळं मी बघतो. तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका.

शोभानं पेन पुढं केलं. पेनाचं टोपणही तिनंच काढून ठेवलं होतं.

कौसाबाईनं फॉर्म घेतला, फोटो बघितला, बराच वेळ बघितला. मग विचारलं, “जावईबापू, तुमचे किती हायत यात?”

प्रकाशराव थोडे गडबडले. म्हणाले, मी धंदा करतो आई, माझे पैसे धंद्यात फिरतात. मग तिनं दुसरं विचारलं, की हा फॉर्म भरला की तुम्हाला किती मिळतं? ते म्हणाले, तुमच्याकडून एक पैसा नाही, जे काय असेल ते कंपनी देते. कधी देते? लगेच देते. कौसाबाईनं मान हलवली. म्हणाली, “वावर वाट्यानं देतो ना आपुन, तर वाटेकरी पिकलं की निम्मं घेतो, आन् जळालं तर आपल्याबरुबर तोबी उपाशी निजतो. तुमचा वाटा पेरनीलाच निघतो. मंग पिकू दे नायतर जळू दे, तुमाला काय?”

शोभा म्हणाली, आई, धोंड्याचा महिना आहे, असं बोलतात का. कौसाबाईनं अनारशांचं ताट जावयाच्या हातात दिलं, वर निरांजन ठेवलं, कपडे ठेवले, वाकून नमस्कार केला. रीतीतलं सगळं दिलं. आणि फॉर्म कोराच त्यांच्या बॅगेत घालून दिला. म्हणाली, झाडं बघितल्याबिगर सही नाय. प्रकाशराव हट्टाला पेटले, उद्याच चला म्हणाले, पेठच्या बाजूला आहे लागवड, गाडी करतो. तर ही म्हणते, आत्ता नको. “पावसात बांधावरचं गवतबी पीक दिसतं. वैशाखात दाखवा.”

मला तेव्हा हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण शेती करणारी माणसं जमीन घेताना हेच करतात, उन्हाळ्यात जाऊन बघतात. पाणी कुठं टिकतं ते तेव्हाच कळतं. आपण शहरातली माणसं कागद बघतो, तो तर बाराही महिने गुळगुळीतच असतो.

वैशाख आला आणि तिनं आठवण करून दिली. प्रकाशरावांना वाटलं होतं, म्हातारी विसरेल. गाडी केली, पुढे ते, मागे आम्ही तिघी. शोभा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. पोचलो तर रस्त्याच्या कडेच्या सागाच्या दोन ओळी छान तरारलेल्या, पानं हत्तीच्या कानाएवढी. फोटो तिथलाच होता. प्रकाशराव म्हणाले, बघा. कौसाबाई चपला काढून त्या ओळींच्या आत शिरली. आपल्याला जायला नको वाटावं असं ऊन होतं. मीही मागोमाग गेले. आत दहा-पंधरा पावलांवर सगळं बदललं. बोटाएवढ्या काड्या, दोन दोन हातांवर लावलेल्या, निम्म्या वाळलेल्या. खाली मुरूम. तिनं खाली बसून बोटानं उकरलं, बोट आत जाईना. तिथं एक बाई गवत कापत होती, तिला विचारलं, पाणी कोण घालतं? ती म्हणाली, वाटेवरच्या झाडांना टँकर येतो, साहेब लोक यायचे असले म्हणजे. आतल्यांना पाऊस.

गाडीत परत बसताना कौसाबाईनं एक वाळकी काडी पदरात बांधून आणली. 

घरी आल्यावर मात्र जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आमच्या ओट्यावर पाणी पिऊन झालं आणि प्रकाशरावांनी खिशातून एक कागद काढून तिच्यासमोर ठेवला. सर्टिफिकेट होतं. त्यांच्या स्वतःच्या नावाचं. धोंड्याच्या दिवशी तिनं विचारलं होतं ना, तुमचे किती? ते त्यांना इतकं लागलं होतं, की कारखान्यातून मिळालेला सगळा फंड त्यांनी त्याच सागवानात घातला होता. म्हणाले, घ्या. तुमचा प्रश्न होता, त्याचं उत्तर आणलंय. आता माझ्या घरचंही तेच आहे. आता तरी सही करा.

मनू, मला वाटलं आता ही अडकली. तिच्याच मापानं तिला मोजलं होतं. शोभाच्या डोळ्यांत पाणी होतं, ती आईकडे बघत होती. मी मनात म्हटलं, आता करेल सही, कसं नाही म्हणणार.

कौसाबाईनं सर्टिफिकेट हातात घेतलं, माझ्याकडून वाचून घेतलं, रक्कम दोनदा वाचायला लावली. मग पदराची गाठ सोडून ती वाळकी काडी त्यावर ठेवली. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “मंग तर आता मुळीच नाय. तुमचं समदं तिकडं हाय. उद्या ते गेलं तर माझ्या लेकीनं पाय कुठं ठिवायचा? तेवढी जागा मी धरून बसते. तुमी मला वाईट म्हना.”

आणि म्हटलंच त्यांनी वाईट. प्रकाशराव म्हणाले, चौथी शिकलेल्या बाईला शेअर आणि बाँड काय कळणार, तुम्हाला जावयाचा भरवसा नाही एवढंच खरं. शोभा म्हणाली, आई, माझ्या सासरी तू माझी मान खाली घातलीस. ती गेली ती दोन वर्षं माहेरी आली नाही. धोंड्याचं दिलेलं निरांजनसुद्धा तिनं माणसाबरोबर परत पाठवलं. नातलग कौसाबाईला ऐकवायचे, की पोरीपेक्षा पैसा जड झाला. ती उलट बोलायची नाही. दर शनिवारी शेवंतीची वेणी करून ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर सिडकोत लेकीकडे पाठवायची. ती माळलेली कुणी कधी बघितली नाही. पण वेणी परत आली नाही, एवढ्यावर तिनं दोन वर्षं काढली.

त्या दोन वर्षांत आम्ही दोघींनी काय केलं सांगू? दुपारी ओट्यावर शाळा भरवली. बँकेतून, पोस्टातून, कुठूनही मिळतील ते फॉर्म आणायचे आणि मी मोठ्यानं वाचायचे. तुझ्या आजोबांचं भिंग घेऊन बसायचो. पहिल्या दिवशी मी वरून वाचायला लागले तर तिनं थांबवलं. “बारीक अक्षर आधी वाचा वैनी. मोठं समद्यांना दावायला असतं.” शब्द अडला की बँकेत जाऊन काउंटरवरच्या माणसाला विचारायची. तो कंटाळला की शेजारच्या काउंटरला विचारायची. मागे रांग वाढली तरी हलायची नाही, म्हणायची, माझं वावर तुमच्या दारात बांधलंय, मला विचारायचा हक हाय. तिचे निम्मे पैसे पोस्टात, काही बँकेत, असे तिनं स्वतः वाटून लावले, वेगवेगळ्या वाफ्यांत लावावेत तसे. एका वाफ्याला कीड लागली तर दुसरा हाताशी पाहिजे, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

चुकली नाही का कधी? चुकली की. एका बियाण्याच्या कंपनीचे शेअर तिनं माझ्या नाही म्हणण्याला न जुमानता घेतले, कारण त्या कंपनीचं झेंडूचं बी तिच्या बारा गुंठ्यांत दाण्याला दाणा उगवलं होतं. वर्षभरात कंपनी झोपली. बी चांगलं होतं, मालक चांगला नव्हता. मला वाटलं आता रडेल. रडली थोडी. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, “कुनी फशिवलं म्हनून रडायचं आसतं तर जलमभर रडले आसते. सही माझी व्हती, म्हनून आज रडून उद्या उठते.” आणि त्या शेअरचा कागद तिनं फेकला नाही. सागाच्या काडीशेजारी ठेवला.

सागवानवाल्यांचं ऑफिस एके दिवशी उघडलंच नाही. शटरला कुलूप, पाटी काढून नेलेली. लोक प्रकाशरावांच्या दारात जमले, कारण कंपनीचा चेहरा त्यांना माहीत नव्हता, यांचा होता. तुझे आजोबाही गेले होते, परत आले ते दोन दिवस जेवले नाहीत. आणि प्रकाशरावांचं स्वतःचं तर सगळंच गेलं होतं. मला बातमी कळली तशी मी धावत कौसाबाईकडे गेले. ती फुलं तोडत होती. ऐकलं, पाटी तिथंच ठेवली, हात धुतले आणि सिडकोत निघाली. मी बरोबर होते. दारात माणसं ओरडत होती, आत शोभा भिंतीला टेकून बसलेली. कौसाबाई गर्दीतून आत गेली. मला वाटलं, आता म्हणेल, सांगितलं नव्हतं का. एक अक्षर नाही. लेकीला म्हणाली, चल, जेवायला चल. जावयाला म्हणाली, तुम्हीबी चला, बापू.

दारातला एक गृहस्थ म्हणाला, सासूबाईंकडे आहेत की पैसे, त्यांनी भरावेत आमचे. कौसाबाई वळली. म्हणाली, “तुमाला मी सागाचं झाड दावलं नव्हतं, दादा. भरनार नाय. मला विचारायला आला आसतात तर काडी दावली आसती.” त्या दोघांना ती घरी घेऊन आली. चार वर्षं ती दोघं तिच्याकडे राहिली. त्या जागेवर, जी तिनं धरून ठेवली होती. प्रकाशराव पुढं सातपूरला एका दुकानात हिशेबाला लागले आणि हळूहळू उभे राहिले. एकदा ते माझ्या देखत तिला म्हणाले, आई, तुमचा प्रश्न बरोबर होता, मीच उत्तर चुकीचं दिलं. ती म्हणाली, नाय, माझाच सवाल अर्धा व्हता. बापू, त्या सवालानं तुमचा फंड गेला. तुमच्या घरी काय, एवढं विचारून भागत नाय. तुमच्या घरच्यांना ते पचंल का, हेबी इचारायला पायजे. ही गोष्ट तिच्या मनाला फार लागली होती. आपल्या टोमण्यानं जावयानं घातले, हे ती विसरली नाही.

पण मनू, असं समजू नकोस की ती कुणाला विचारायचीच नाही. पुढं एकदा गंगापूर रोडला एक तरुण सीए बाई आहेत असं कळलं, तर कौसाबाई मला घेऊन तिथं गेली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, मला काही विकू नका. मी एक तास तुमचा वेळ घेते, त्याची फी घ्या, आणि मी जे लावलंय त्यात कुठं कीड हाय ते सांगा. त्या बाई हसल्या, म्हणाल्या, असं विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच आलंय. तास झाला, दोन चुका त्यांनी दाखवल्या, एक कौसाबाईनं मानली, दुसरी मानली नाही. फी दिली, वर शेवंतीची वेणी दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, हिचा वाटा पेरणीलाबी नाय अन् कापणीलाबी नाय, हिची मजुरी हाय. मजुरी द्यायची, मालकी नाय. दरवर्षी ती एकदा तिथं जायची.

गेली ती अशीच, स्वतःच्या मतानं. छातीत दुखू लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, ऑपरेशन सुचवत होता. शोभा रडत होती, करू या म्हणत होती. कौसाबाईनं डॉक्टरला जवळ बोलावलं आणि विचारलं, “माझ्या वयाची तुमची आई आसती तर केलं आसतं का?”  खरं बोलणारा निघाला बिचारा. नाही म्हणाला. तिनं शोभाला सांगितलं, चला घरी, फुलं तोडायची राहिलीत. आठ दिवसांनी, सकाळी, बारा गुंठ्यांच्या शेजारच्या त्या घरात ती गेली.

तेरा दिवस झाल्यावर शोभानं मला बोलावलं. ट्रंकेत बियाण्याच्या कापडी पिशवीत सगळे कागद लावून ठेवलेले. वर सागाची ती काडी, त्या बियाण्याच्या शेअरचा कागद, आणि परत आलेलं चांदीचं निरांजन. सगळं शोभाच्या नावावर. प्रकाशराव दारात उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, काय करायचं ते मी सांगू का? शोभानं त्यांच्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. म्हणाली, सांगा ना. तुमचंही ऐकीन, त्या सीए बाईंनाही विचारीन. सही मात्र वाचून करीन. आणि पिशवीतून तिच्या आईकडेच राहिलेलं आमचं भिंग काढून माझ्या हातात दिलं, म्हणाली, मावशी, बारीक अक्षर आधी.

आता तुझे ते सर. चांगले असतील, मी त्यांना पाहिलेलं नाही. मी त्यांच्याकडे जाऊच नकोस असंही म्हणत नाही. पण त्यांनी फॉर्म आणला, की सही करू नकोस. म्हण, आजीला दाखवते. हसतील, हसू दे. तो फॉर्म घे आणि शनिवारच्या बसनं सरळ इकडे ये. ओटा अजून तोच आहे, तुझ्या आजोबांचं भिंग शोभानं मला परत दिलंय, आणि शोभाच्या वावरातली मेथी मी आणून ठेवते. दुपारी दोघी बसून वाचू. माझ्या डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही गं, ते तुला वाचावं लागेल. म्हणून उशीर करू नकोस. लवकर ये.